सामाईक जमिनीचा अपराध
(एका अभ्यासमंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती कशा गेल्या, असा प्रश्न विचारला तर आपल्यापैकी बहुतेकजण दोन उत्तरे देतील : बंदुकीने आणि देवीच्या साथीने. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु तेवढ्यावर थांबले तर अमेरिकन राज्यसंस्थेच्या स्वभावाचा एक महत्त्वाचा विशेष आपल्या नजरेतून सुटतो. अमेरिकेने जमीन नुसती बळकावली नाही. ती लिहून घेतली. तहनामे झाले, त्यांवर सह्या झाल्या, सीनेटने त्यांना मंजुरी दिली, न्यायालयांनी निकाल दिले, संसदेने कायदे केले. जमीन हिरावण्याच्या व्यवहाराची इतकी व्यवस्थित दप्तरे क्वचितच कोणी ठेवली असतील. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे रणांगणापेक्षा या दप्तरांकडे माझे लक्ष अधिक जाते. आज मी चेरोकी राष्ट्राची हकीकत आपल्यापुढे मांडणार आहे, तीही याच अंगाने.

हे उदाहरण मी मुद्दाम निवडले आहे. 'ते लोक रानटी होते, त्यांना जमिनीचा उपयोग ठाऊक नव्हता, म्हणून ती अधिक उद्यमी लोकांकडे गेली,' असे एक समर्थन त्या काळी केले जाई, आणि आजही ते निराळ्या शब्दांत ऐकू येते. चेरोकींच्या बाबतीत हे समर्थन एक क्षणही टिकत नाही. त्यांनी शेती केली, लिपी घडवली, वृत्तपत्र काढले, लेखी राज्यघटना केली, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि दावा जिंकलाही. तरी त्यांची भूमी गेली. मग ती का गेली?

भूमी आणि गोत्र

ॲपलाशियन पर्वतरांगांचा दक्षिण भाग ही चेरोकींची मूळ भूमी. आजच्या जॉर्जिया, टेनेसी, उत्तर व दक्षिण कॅरोलायना आणि अलाबामा या राज्यांत ती विभागली गेली आहे. समाज सात गोत्रांचा. आणि गोत्र आईकडून येई. मका, घेवडा, भोपळा यांची शेती स्त्रिया करीत, शिकार पुरुष करीत. घर आणि शेत स्त्रीच्या गोत्राचे असे. कसणाऱ्याचा आपल्या शेतावरचा हक्क सर्वजण मानीत. परंतु जमीन ही विकण्याची वस्तू आहे ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. जे कोणाचेच स्वतंत्र नाही ते कोणी विकावे?

अठराव्या शतकात हरणाच्या कातड्यांच्या व्यापाराने हा समाज अटलांटिक महासागराच्या बाजारपेठेला जोडला गेला. कातडी द्यायची आणि बंदुका, दारू, कापड, कुऱ्हाडी घ्यायच्या. माल उधारीवर मिळे. हरणे कमी होत गेली तशी उधारी वाढत गेली. आणि मग, सावकारीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगावयास नको, कर्जाच्या फेडीसाठी जमिनीकडे बोट दाखवले गेले.

१७२१ साली दक्षिण कॅरोलायनाच्या गव्हर्नरबरोबर झालेल्या तहात चेरोकींनी आपल्या भूमीचा पहिला तुकडा सोडून दिला. १७६३ साली ब्रिटिश राजाने जाहीरनामा काढून पर्वतापलीकडे वसाहत करण्यास मनाई केली. पण जमिनीच्या सट्टेबाजांनी तो कधी मनावर घेतला नाही. १७७५ साली रिचर्ड हेंडरसन नावाच्या एका सट्टेबाजाने काही वयोवृद्ध चेरोकी प्रमुखांकडून केंटकी आणि टेनेसीमधील कोट्यवधी एकरांचा प्रदेश मालाच्या मोबदल्यात लिहून घेतला. ड्रॅगिंग कनू या तरुण पुढाऱ्याने त्याच सभेत विरोध केला आणि पुढे अनेक वर्षे तो लढत राहिला. येथे एक प्रश्न उभा राहिला, आणि तो साऱ्या इतिहासभर पुनःपुन्हा येणार आहे : सही करणारा माणूस कोणाच्या वतीने सही करतो?

एकच गिऱ्हाईक

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८५ साली होपवेल येथे आणि १७९१ साली होल्स्टन येथे चेरोकींशी तह झाले. आपल्या भाषेत 'तह' आणि 'करारनामा' हे दोन निराळे शब्द आहेत, हे येथे उपयोगी पडते. करारनामा दोन व्यक्तींत होतो. तह होतो तो दोन सत्तांत. अमेरिकेने चेरोकींशी केले ते तह होते. त्यांत सीमा आखल्या होत्या, आणि उरलेली भूमी चेरोकींची राहील याची हमी होती. ज्याच्याशी तह करावयाचा त्याचे स्वतंत्र अस्तित्व आधी मान्य करावे लागते. ही मान्यता पुढे अमेरिकेला फार जड झाली.

१७९० साली संसदेने आणखी एक कायदा केला. मूळ रहिवाशांची जमीन कोणाही खासगी व्यक्तीने वा घटक राज्याने परस्पर विकत घेऊ नये. ती केवळ संघराज्याशी होणाऱ्या तहानेच हस्तांतरित व्हावी. या कायद्याला संरक्षक म्हटले जाते, आणि हेंडरसनसारख्यांपासून त्याने काही प्रमाणात संरक्षण दिलेही. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ असा होतो, की विकणारे अनेक आणि गिऱ्हाईक मात्र एकच. ज्या बाजारात गिऱ्हाईक एकच असते त्या बाजारात भाव कोण ठरवतो हे सांगावयास नकोच. आणि येथे तर त्या गिऱ्हाइकाच्या पदरी सैन्यही होते.

थॉमस जेफर्सन यांनी १८०३ साली विल्यम हेन्री हॅरिसन या गव्हर्नरला लिहिलेले एक खासगी पत्र उपलब्ध आहे. त्याचा आशय असा : आपण सरकारी व्यापारी ठाणी चालवावीत आणि त्यांच्यातील वजनदार माणसे कर्जात पडलेली पाहण्यास राजी असावे, कारण कर्ज आवाक्याबाहेर गेले की ते जमीन देऊन फेडण्यास तयार होतात. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता हे लिहीत होता. व्यक्ती म्हणून त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. राज्यसंस्थेचे धोरण कोणत्या अर्थशास्त्रावर उभे होते हे यातून ध्यानात घ्यावे.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८०२ साली, संघराज्याने जॉर्जियाशी एक सौदा केला होता. जॉर्जियाने आपल्या पश्चिमेकडील प्रदेशावरचा दावा सोडला. मोबदल्यात साडेबारा लक्ष डॉलर आणि एक वचन मिळवले. जॉर्जियाच्या हद्दीतील मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क शांततेने आणि वाजवी अटींवर शक्य होईल तितक्या लवकर संपुष्टात आणू, असे ते वचन. म्हणजे एकीकडे चेरोकींना 'तुमची भूमी तुमचीच राहील' अशी तहाने हमी दिली होती. दुसरीकडे जॉर्जियाला 'तीच भूमी तुम्हांला मिळवून देऊ' असा शब्द दिला होता. एकच वस्तू दोघांना देऊ करणाऱ्या माणसाला व्यवहारात काय म्हणतात ते आपण जाणताच.

कायद्याला कायद्याने उत्तर

चेरोकींनी या परिस्थितीला जे उत्तर दिले ते मला या सर्व इतिहासातील अतिशय विलक्षण प्रकरण वाटते. युद्धाने काही साधत नाही हे १७९४ पर्यंत स्पष्ट झाले होते. तेव्हा ज्या साधनाने जमीन जात होती तेच साधन त्यांनी हाती घेतले, आणि ते म्हणजे लेखी कायदा.

सुरुवात मात्र रक्ताने झाली. डबलहेड नावाच्या प्रमुखाने १८०६ च्या सुमारास गुप्त लाभाच्या बदल्यात भूमी सोडून देणाऱ्या तहांना हात लावला होता. १८०७ साली त्याला ठार करण्यात आले. मारणाऱ्यांत मेजर रिज हा पुढारी होता. हे नाव आपण लक्षात ठेवावे. १८०८ साली पहिला लेखी कायदा झाला. १८१० साली गोत्रांनी रक्ताचा सूड घेण्याची प्रथा रद्द केली. १८२० साली राष्ट्राचे आठ जिल्हे पाडले. १८२२ साली सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. १८१९ चा तह हा शेवटचा. यापुढे एक पाऊलही जमीन द्यावयाची नाही, असा निर्धार राष्ट्रीय कौन्सिलने केला. १८२३ साली क्रीक जमातीचा विल्यम मॅकिंटॉश जमीन सोडावी म्हणून लाच देऊ करीत आला, तेव्हा जॉन रॉस यांनी त्याचे पत्र भर कौन्सिलमध्ये वाचून दाखविले.

इकडे सेक्वोया नावाच्या, इंग्रजी वाचता न येणाऱ्या एका कारागिराने बारा वर्षे खपून ऐंशीहून अधिक अक्षरांची लिपी घडवली. १८२१ साली ती पूर्ण झाली आणि थोड्याच वर्षांत हजारो लोक आपल्या भाषेत लिहू-वाचू लागले. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटा या राजधानीतून 'चेरोकी फीनिक्स' हे पत्र इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांत निघाले. संपादक इलायस बुडिनॉट.

१८२७ च्या राज्यघटनेत भूमीविषयी जे कलम आहे ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. राष्ट्राची भूमी ही राष्ट्राची सामाईक मालमत्ता राहील. परंतु त्या भूमीवर ज्याने श्रम करून जे उभारले, म्हणजे घर, कुंपण, फळबाग, तयार केलेले शेत, ते त्याच्या पूर्ण मालकीचे. त्यावर इतर कोणाचा हक्क नाही. मात्र हे उभारलेलेसुद्धा संघराज्याला, घटक राज्याला किंवा त्यांच्या नागरिकांना विकण्याचा अधिकार नाही. श्रमाचे फळ व्यक्तीचे आणि भूमी सर्वांची, हा भेद युरोपातील पंडित ग्रंथांतून मांडत होते त्या काळात चेरोकींनी तो कायदा म्हणून अमलात आणला होता. संमतीवाचून भूमी विकणाऱ्यास मृत्युदंड, हा जुना निर्बंध १८२९ साली लेखी कायद्यात आला.

या चित्राची काळी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. नव्या व्यवस्थेत एक श्रीमंत वर्ग पुढे आला होता आणि त्याच्या शेतांवर आफ्रिकन गुलाम राबत होते. १८३५ च्या गणनेत पूर्वेकडील सुमारे साडेसोळा हजार चेरोकींकडे पंधराशेहून अधिक गुलाम नोंदलेले आहेत. घटनेने मताचा अधिकार दिला तो स्वतंत्र पुरुषांना. काळ्या वंशाच्या लोकांना तो नाकारला, आणि ज्या स्त्रियांच्या गोत्रांची शेते होती त्यांनाही. १८१७ साली, जमीन सोडण्याची बोलणी चालू असताना, नॅन्सी वॉर्ड आणि इतर स्त्रियांनी कौन्सिलला निवेदन दिले होते, की आम्ही माता आहोत, आमच्या लेकरांची भूमी यापुढे देऊ नका. दहा वर्षांनी झालेल्या घटनेत या मातांना मत नव्हते. शत्रूच्या साधनाने लढताना शत्रूचे दोषही अंगी येतात, ते असे.

मालकी आणि वहिवाट

चेरोकींची घटना झाली आणि जॉर्जिया खवळला. विचार करा : हे लोक अडाणी आणि विस्कळित राहिले असते तर एकेका प्रमुखाला गाठून जमीन लिहून घेता आली असती. आता कायदा होता, निवडून आलेले सरकार होते, सही करण्याचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही हे लिहिलेले होते. 'सुधारा, म्हणजे राहाल,' असे ज्यांना पंचवीस वर्षे सांगितले, ते सुधारल्यामुळेच अडसर ठरले. त्यातच १८२८-२९ च्या सुमारास चेरोकी भूमीत दलॉनेगाच्या परिसरात सोने सापडले, आणि अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाले. १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत याच जॅक्सन यांच्या बाजूने शेकडो चेरोकी लढले होते.

जॉर्जियाने कायदा करून १ जून १८३० पासून चेरोकी भूमी आपल्या अमलाखाली घेतली. चेरोकी कायदे रद्दबातल ठरविले. गोरा माणूस पक्षकार असलेल्या खटल्यात चेरोकीची साक्ष ग्राह्य धरू नये असे ठरविले. साक्षच ग्राह्य नाही म्हटल्यावर घर लुटणाऱ्यावर फिर्याद करून उपयोग काय? २८ मे १८३० रोजी जॅक्सन यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या बहुमताने संमत झाला होता. अमेरिकेतही या अन्यायाला विरोध करणारे पुष्कळ होते, हे या आकड्यांवरून दिसते.

चेरोकी सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या तीन निकालांची साखळी समजून घेणे अवश्य आहे. १८२३ सालच्या, चेरोकींशी संबंध नसलेल्या एका दाव्यात त्यांनी असा सिद्धान्त मांडला होता, की ज्या युरोपीय सत्तेने भूमी 'शोधून काढली' तिच्याकडे मालकी गेली. मूळ रहिवाशांकडे उरला तो केवळ ताब्याचा हक्क. आपल्या महसुली भाषेत बोलायचे तर मालकी शोधणाऱ्याची आणि वहिवाट राहणाऱ्याची. कोणी नवखा माणूस गलबतातून येतो, किनारा दुरून पाहतो, आणि त्या क्षणी शेकडो वर्षे कसणारा मालक वहिवाटदार ठरतो! हा तर्क विचित्र आहे याची मार्शल यांना जाणीव होती असे त्या निकालपत्रावरून वाटते. पण देशातील सारे मालकीहक्क त्यावरच उभे असल्याने तो मोडता येत नव्हता.

१८३१ साली चेरोकी राष्ट्राच्या दाव्यात न्यायालयाने म्हटले, की चेरोकी हे परराष्ट्र नव्हे; ते 'अंतर्गत परावलंबी राष्ट्र' आहे आणि संघराज्याशी त्याचे नाते पाल्य आणि पालक यांच्यासारखे आहे. म्हणून थेट दावा दाखल करण्याचा त्याला अधिकार नाही. हा 'पाल्य' शब्द पुढे काय करतो ते आपण पाहणार आहोत.

तिसरा निकाल ३ मार्च १८३२ चा. सॅम्युएल वूस्टर आणि एलायझर बटलर या मिशनऱ्यांनी जॉर्जियाचा परवाना न घेता चेरोकी भूमीत राहण्याचा गुन्हा केला म्हणून त्यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली होती. न्यायालयाने निर्णय दिला : चेरोकी राष्ट्र हा स्वतंत्र सीमा असलेला वेगळा समाज आहे, तेथे जॉर्जियाचा कायदा लागू होत नाही, संबंध राहील तो तहांच्या आधारे संघराज्याशी. चेरोकींचा दावा पूर्णतः मान्य झाला.

'मार्शल यांनी निकाल दिला, आता त्यांनीच तो अमलात आणावा,' असे उद्गार जॅक्सन यांच्या तोंडी घातले जातात. ते त्यांनी काढले असतील असे दिसत नाही. ते छापून आले अनेक वर्षांनी. परंतु घडले ते नेमके त्या अर्थाचे. जॉर्जियाने निकाल मानला नाही आणि संघराज्याने तो मानावयास लावला नाही. मिशनरी १८३३ च्या जानेवारीत सुटले ते न्यायालयाच्या हुकमाने नव्हे, गव्हर्नरच्या माफीने. न्याय झाला, त्याची बजावणी मात्र झाली नाही. आणि बजावणीवाचून न्याय म्हणजे दप्तरातला आणखी एक कागद.

सोडत आणि सह्या

निकाल लागला त्याच वर्षी जॉर्जियाने चेरोकी भूमीची मोजणी करून ती सोडतीने वाटण्यास प्रारंभ केला. शेतजमिनीचे १६० एकरांचे आणि सोन्याच्या पट्ट्यातील ४० एकरांचे तुकडे पाडले आणि गोऱ्या नागरिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्या. या व्यवस्थेचे राजकीय कौशल्य ध्यानात घ्या. जमीन काही बड्या धेंडांना दिली असती तर सामान्य गोऱ्या शेतकऱ्याला अन्याय दिसला असता. चिठ्ठीत नाव येण्याची आशा प्रत्येकाला दाखविल्यावर लुटीत सगळेच भागीदार झाले. १८३५ साली प्रमुख जॉन रॉस वॉशिंग्टनहून परतले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात सोडत लागलेला मनुष्य राहत होता.

या दडपणाखाली राष्ट्र दुभंगले. मेजर रिज, त्यांचा पुत्र जॉन रिज आणि बुडिनॉट यांचे मत झाले की आता लढणे व्यर्थ आहे. मिळेल ते घेऊन पश्चिमेस जावे. त्यांना केवळ लाचखाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. शेजाऱ्यांची घरे लुटली जाताना ते पाहत होते आणि त्यांची निराशा खरी होती. परंतु राष्ट्राच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. २९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू इकोटा येथे सुमारे वीस जणांनी तहावर सह्या केल्या. पूर्वेकडील उरलेली सारी भूमी, म्हणजे सत्तर लक्ष एकरांहून अधिक, पन्नास लक्ष डॉलरांना दिली. पश्चिमेकडे जागा देण्याचे कलमही त्यात होते. पण नगद भाव पाहिला तर तो एकरी एक डॉलरही पडत नाही. त्या काळी संघराज्य आपली जमीन एकरी सव्वा डॉलरच्या खाली विकत नसे.

रॉस यांची सही त्या तहावर नव्हती, कौन्सिलची संमती नव्हती. पंधरा हजारांहून अधिक नावांचे निषेधपत्र सीनेटपुढे गेले. साडेसोळा हजारांच्या राष्ट्रात पंधरा हजार! सीनेटने १८३६ च्या मे महिन्यात ३१ विरुद्ध १५ मतांनी तह मंजूर केला. दोनतृतीयांश बहुमत लागत होते. एक मत फिरले असते तरी तो फेटाळला गेला असता.

पुढचे आपण ऐकून आहात. १८३८ च्या मे महिन्याच्या अखेरीस जनरल विन्फील्ड स्कॉट यांच्या हाताखालील सुमारे सात हजारांच्या फौजेने लोकांना घरांतून बाहेर काढून लाकडी कोटांत कोंडले. उन्हाळ्यात अवर्षण आणि हगवण; हिवाळ्यात आठशे मैलांहून अधिक वाट, आणि मिसिसिपीच्या पात्रात तरंगणारे बर्फ. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार दगावले असा अंदाज सामान्यतः दिला जातो. 'अश्रूंची वाट' हे नाव त्या प्रवासाला मिळाले.

२२ जून १८३९ रोजी, पश्चिमेकडील नव्या प्रदेशात, मेजर रिज, जॉन रिज आणि बुडिनॉट यांना एकाच दिवशी निरनिराळ्या ठिकाणी ठार करण्यात आले. ज्या निर्बंधाखाली १८०७ साली रिज यांनी डबलहेडला मारले होते, तो बत्तीस वर्षांनी त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचला.

स्वार्थाचा अभाव

बहुतेक पुस्तके येथे थांबतात. मला मात्र पुढचे अर्धशतक अधिक बोलके वाटते. टॅलेक्वा येथे चेरोकींनी १८३९ साली पुन्हा घटना केली, पुन्हा भूमी सामाईक ठेवली, शाळा काढल्या, मुलींसाठी उच्च शिक्षणाची संस्था उघडली. अमेरिकन यादवी युद्धाने त्यांची धूळधाण केली. १८६६ च्या तहाने मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व द्यावे लागले, आणि ते पुन्हा उभे राहिले.

१८८५ साली सीनेटर हेन्री डॉझ यांनी त्यांचा प्रदेश पाहिला. लेक मोहोंक येथील 'इंडियनांच्या हितचिंतकां'च्या परिषदेत त्यांनी सांगितले त्याचा सारांश असा : त्या राष्ट्रात असे एकही कुटुंब नाही की ज्याला स्वतःचे घर नाही, तेथे एकही भिकारी नाही, राष्ट्राच्या डोक्यावर एक डॉलरचेही कर्ज नाही, शाळा आणि इस्पितळे त्यांनी स्वतः बांधली आहेत. मित्रहो, हे वर्णन कोणत्याही अर्थमंत्र्याला हेवा वाटावा असे आहे. परंतु डॉझ पुढे म्हणाले, की या व्यवस्थेतला दोष उघड आहे. जमीन सामाईक असल्यामुळे त्यांची प्रगती खुंटली आहे. ही हेन्री जॉर्ज यांची पद्धत झाली. आपले घर शेजाऱ्याच्या घराहून चांगले करावे अशी प्रेरणाच तीत नाही. सुधारणेच्या मुळाशी जो स्वार्थ असतो तोच त्यांच्यात नाही.

१८३० साली आरोप होता रानटीपणाचा. १८८५ साली आरोप राहिला तो दारिद्र्य नसण्याचा, कर्ज नसण्याचा आणि स्वार्थ नसण्याचा! या दोन्ही वेळी आरोपपत्र बदलले, पण शिक्षा एकच : भूमी विकाऊ झाली पाहिजे.

डॉझ यांच्या नावाचा १८८७ चा कायदा जमातींच्या सामाईक जमिनी व्यक्तिशः वाटून देण्यासाठी होता. चेरोकी त्यातून प्रथम वगळले होते. १८९८ च्या कर्टिस कायद्याने तेही सापडले. १९०२ च्या कराराने प्रत्येक नोंदलेल्या व्यक्तीला सरासरी ११० एकरांच्या किमतीइतकी जमीन देण्याचे ठरले. सुमारे ४४ लक्ष एकरांची राष्ट्राची भूमी तुकड्यातुकड्यांनी वाटली गेली. रेडबर्ड स्मिथ आणि त्यांच्या परंपरानिष्ठ अनुयायांनी नावे नोंदविण्यास नकार दिला; स्मिथ यांना तुरुंगात टाकण्यात आले. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले. १९०८ साली बहुसंख्य तुकड्यांच्या विक्रीवरील निर्बंध उठले.

आता तो 'पाल्य' शब्द आठवा. १८३१ साली तो न्यायशास्त्रातील एक उपमा होता. ओक्लाहोमात तो व्यवसाय झाला. स्थानिक न्यायालये मूळ रहिवाशांच्या मुलांवर, आणि 'अपात्र' ठरविलेल्या प्रौढांवरही, पालक नेमीत. जमिनीखाली तेल असले की पालकत्वासाठी चढाओढ लागे. पालकाची फी, वकिलाची फी आणि विक्रीचा खर्च वजा जाता पाल्याच्या हाती काही उरत नसे. १८८७ साली देशभरच्या मूळ रहिवाशांकडे सुमारे १३ कोटी ८० लक्ष एकर जमीन होती. १९३४ साली वाटपाचे धोरण थांबले तेव्हा तिचा जेमतेम एकतृतीयांश भाग उरला होता. ही जमीन लढाईने गेली नाही. प्रत्येक खरेदीखतावर 'स्वखुशीने' असेच लिहिलेले असणार.

कागद उरतो

तर मग तहांना काही अर्थच नव्हता काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १८३२ चा निकाल त्या वेळी कोणी मानला नाही, पण तो रद्दही कोणी केला नाही. जमातींचे सार्वभौमत्व मानणारा अमेरिकन कायदा आजही त्याच निकालावर उभा आहे. ९ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निर्णय दिला, की मस्कोगी क्रीक राष्ट्राचे राखीव क्षेत्र संसदेने कधीही स्पष्ट शब्दांत रद्द केलेले नाही. म्हणून ते कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात आहे. वर्षभराच्या आत, २०२१ साली, ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने तोच न्याय चेरोकी राष्ट्राला लावला. सुमारे सात हजार चौरस मैलांचा तो प्रदेश.

यात जमीन परत मिळाली नाही. खासगी मालकी जशीच्या तशी राहिली. प्रश्न होता फौजदारी खटले कोणी चालवावेत याचा, आणि २०२२ साली त्याच न्यायालयाने बिगर-जमातीच्या आरोपींबाबत राज्याला पुन्हा अधिकार देऊन त्या निर्णयाची धार कमी केली. तरी एक गोष्ट सिद्ध झाली. चार लाखांहून अधिक सभासद असलेले हे राष्ट्र जुने तह हाती धरून उभे राहिले, म्हणूनच हा प्रश्न विचारता आला. १८३५ च्या अन्याय्य तहातसुद्धा चेरोकींना प्रतिनिधिगृहात प्रतिनिधी पाठविता येईल असे एक कलम होते. २०१९ साली त्यांनी आपल्या प्रतिनिधीचे नाव जाहीर करून त्या कलमाची आठवण करून दिली. आणि स्वतःच्या दोषाचाही हिशेब त्यांना द्यावा लागला : गुलामांच्या वंशजांचे नागरिकत्व १८६६ च्या तहानुसार अबाधित आहे असा निकाल २०१७ साली संघीय न्यायालयाने दिला, आणि २०२१ साली चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील रक्तसंबंधाची अट काढून टाकली. ज्या तहाच्या आधारे आपण हक्क मागतो त्याच तहाने दुसऱ्याचा हक्क आपल्यावर येतो. ही न्यायाची कसोटी त्यांनी अखेर मानली.

मित्रहो, या कहाणीतून मला दोन गोष्टी निष्पन्न होताना दिसतात. पहिली ही, की कायदा दुर्बळाचे रक्षण करतो ते त्यामागे संघटित लोकमत आणि अंमलबजावणीची शक्ती असेल तेव्हाच. १८३२ साली न्यायालय चेरोकींच्या बाजूने होते आणि त्याआधी १८३० साली ९७ प्रतिनिधीही होते. पण सोडतीच्या चिठ्ठीची वाट पाहणारा सामान्य गोरा शेतकरी त्यांच्या बाजूने नव्हता. त्याला चेरोकींचा प्रश्न आपला वाटला नाही, आणि हीच जॉर्जियाच्या राज्यकर्त्यांची खरी विजयाची जागा होती.

दुसरी गोष्ट डॉझ यांच्या भाषणासंबंधी. एखाद्या समाजाची 'प्रगती' मोजताना आपण कोणते माप वापरतो? प्रत्येकाला घर, कोणावर कर्ज नाही, भिकारी नाही, एवढे असूनही त्या मापाने तो समाज मागासलेला ठरत असेल, तर तपासून पाहावयाचा तो समाज की ते माप? अर्थशास्त्राचे अध्यापन करण्यात ज्यांनी आयुष्य घालविले त्या आम्हां मंडळींना या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल, आणि ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.